टेबलावरच्या आयपी फोनचं सेटिंग करताना या चुका टाळा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपपासून राजारामपुरीतल्या सीएच्या ऑफिसपर्यंत बऱ्याच ठिकाणी जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातल्या फोनांचं जुनं एक्सचेंज) गेला आणि टेबलावर आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारे फोन आले. तक्रारी मात्र जुन्याच राहिल्या. "रिंगच वाजंना झालीय", "माझं बोलणं पलीकडं ऐकू जाईना", "कालपर्यंत चालू होता की ओ". फोन उचलून तपासायला आणावा तर तो ठणठणीत निघतो. दहातल्या आठ-नऊ वेळा बिघाड फोनमध्ये नसतोच. सेटिंग एका ठिकाणचं असतं आणि माणूस ते दुसऱ्याच ठिकाणी शोधत बसलेला असतो.

या फोनला तीन ठिकाणांहून हुकूम सुटतात. पहिलं ठिकाण म्हणजे युजरचा मेनू. रिंगटोन, आवाज, स्पीड डायल, डीएनडी (आत येणारा कॉल वाजू न देणं), कॉल फॉरवर्ड (कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) या गोष्टी जो खुर्चीवर बसतो त्याच्या हातात असतात. दुसरं ॲडमिनचं. आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा फोनचा पत्ता), व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधला वेगळा कप्पा), एक्स्टेंशनचं म्हणजे आतल्या नंबरचं अकाउंट, डायल प्लॅन (दाबलेल्या आकड्यांचं काय करायचं याचे नियम), फर्मवेअर (फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर) हे सगळं पासवर्डच्या आड असतं. तिसरा सर्व्हर, म्हणजे ऑफिसातला किंवा क्लाउडवरचा पीबीएक्स, कॉल जोडून देणारं एक्सचेंज. तक्रार आली की ती यातल्या कुठल्या ठिकाणची आहे एवढं आधी ठरवा, मग बटणं दाबा.

रिंग येत नाही म्हणून थेट रिसेट मारणं

एका ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडमचा फोन दर दोन-चार दिवसांनी मुका व्हायचा. बाहेर जाणारा कॉल लागायचा, आत येणारा वाजायचाच नाही. फोन बदलला, केबल बदलली, फरक शून्य. शेवटी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात डीएनडीचं बारीक चिन्ह दिसलं. सकाळी टेबल पुसणारे मामा फोनवरूनही फडकं फिरवायचे आणि डीएनडीची की नेमकी कडेला होती. मॅडमचं म्हणणं, "मी तर हात पण लावला नाही ओ." ते खरंच होतं.

डीएनडी फोनवर लागतो तसा सर्व्हरवरही लागतो. सर्व्हरवर लागलेला असेल तर काही सेटअपमध्ये फोनच्या स्क्रीनवर चिन्हसुद्धा दिसत नाही. म्हणून दोन्हीकडे बघा. ज्या टेबलावर डीएनडीची गरजच नाही, म्हणजे रिसेप्शन, गेट, स्टोअर, तिथं ॲडमिनमधून त्या कीचं काम बदलून टाका. तिथं स्पीड डायल बसवा, कामालाही येईल.

फॉरवर्ड कुठून लावला हे न बघणं

कॉल फॉरवर्डची गंमत अशी की तो फोनच्या मेनूतून लावला तर कॉल पुढं ढकलायचं काम फोन करतो, आणि सर्व्हरवर लावला तर सर्व्हर करतो. फोन चालू असेपर्यंत दोन्ही सारखेच वाटतात. वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, फोन बंद पडला, की फोनवरचा फॉरवर्ड त्याच्याबरोबर संपला. मालक गावाला गेलेले असतात, त्यांना वाटतं कॉल मोबाईलवर येतील, आणि इकडं गिऱ्हाईक 'नंबर उपलब्ध नाही' ऐकून दुसऱ्याकडं जातं. सुट्टीसाठी किंवा रात्रीसाठी लावायचा फॉरवर्ड सर्व्हरवरच लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रीपीबीएक्स या पीबीएक्स सॉफ्टवेअरवर मूळ सेटिंगमध्ये *७२ ने तो लागतो आणि *७३ ने निघतो. तुमच्या सिस्टीमवर कोड वेगळे असतील तर ते कागदावर लिहून फोनखाली चिकटवा.

दोन्हीकडं फॉरवर्ड लावून ठेवणं आणि एकच काढणं हाही नेहमीचा घोळ. "काढला की ओ मी फॉरवर्ड", पण सर्व्हरवरचा तसाच असतो.

पासवर्ड तसाच ठेवणं, किंवा बदलून विसरणं

यीलिंक कंपनीच्या बहुतेक मॉडेलवर ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड दोन्ही 'ॲडमिन'. पॉलिकॉमवर वर्षानुवर्षं ४५६. नव्या ग्रँडस्ट्रीम फोनवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. ही माहिती जगजाहीर आहे. ऑफिसच्या वायफायवर बसलेला कुणीही फोनचा आयपी ब्राउझरमध्ये टाकून आत शिरू शकतो. तिथून एक्स्टेंशन बदलणं, फॉरवर्ड लावणं, सगळं करता येतं. त्यामुळं पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

पण बदलल्यावर लिहून ठेवा, आणि तोही एकाच माणसाच्या डोक्यात नको. फोन बसवणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, हे इकडं नेहमीचं आहे. मग उरतो फॅक्टरी रिसेट. यीलिंकवर कॉल चालू नसताना ओके बटण साधारण दहा सेकंद दाबून धरलं की तो विचारतो, आणि होय म्हटलं की सगळं पुसतो. सगळं म्हणजे अकाउंटसुद्धा. एक्स्टेंशनचा नंबर, त्याचा पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता हाताशी नसेल तर त्या बटणाला बोट लावू नका. रिसेटनंतर डिस्प्ले सुंदर दिसेल, डायल टोन मात्र येणार नाही.

सर्व्हर बदल खाऊन टाकतो

फोनवर हातानं बदल केला, चालला, दुसऱ्या दिवशी रिस्टार्टनंतर परत जुनाच. असं झालं तर भुताटकी नाही, ऑटो प्रोव्हिजनिंग आहे. फोन सुरू होताना सर्व्हरवरून आपली फाईल खेचतो आणि तुम्ही हातानं लिहिलेल्यावर ती फिरवतो. अशा ऑफिसात ॲडमिनचे बदल फाईलमध्येच करायचे. पॉलिकॉमचं उलटं आहे. तिथं फोनच्या मेनूतून केलेला बदल सर्व्हरच्या फाईलवर वरचढ ठरतो. तुम्ही सर्व्हरवरून वीस फोनची रिंग बदलता, एकोणीस बदलतात आणि एक हट्टाला पेटतो. त्या एकावर कुणीतरी हातानं काहीतरी केलेलं असतं, ते लोकल सेटिंग पुसावं लागतं.

डायल प्लॅन: सगळ्यात जास्त डोकेदुखी इथं

१५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावताना आधी ० लावणं सक्तीचं झालं. साध्या फोनवर ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. पण ज्या ऑफिसात बाहेरच्या लाईनसाठीही ० दाबावा लागतो, तिथं दोन शून्यं लागतात, एक लाईनसाठी आणि एक मोबाईलसाठी. डायल प्लॅन जुना असेल तर तो दुसरं शून्य एसटीडीचं (बाहेरगावच्या कॉलचं) समजतो, आणि एसटीडी बंद ठेवलेल्या एक्स्टेंशनवरून मोबाईल लागतच नाही. एसटीडी तर मालकांनी मुद्दाम बंद ठेवलेली असते. मग स्टोअरवाला म्हणतो फोन खराब आहे.

याचंच धाकटं भावंड म्हणजे मिस्ड कॉल. आलेला मोबाईल नंबर लॉगमध्ये दहा आकडी दिसतो. त्यावरूनच परत लावला की कॉल पडतो, कारण पुढची शून्यं कुणी लावली नाहीत. युजरला दोष देऊन उपयोग नाही. ॲडमिननं नियम लिहायचा की ६, ७, ८, ९ ने सुरू होणाऱ्या दहा आकडी नंबरापुढं लागतील ती शून्यं आपोआप लावावीत. हा एक नियम लिहिला की निम्म्या तक्रारी बंद होतात.

कोल्हापुरातली आणखी एक अडचण. ०२३१ नंतरचे बीएसएनएलचे लोकल नंबर सहसा २ ने सुरू होतात, आणि ऑफिसांना एक्स्टेंशन २०१, २०२ असे द्यायची हौस असते. बाहेरच्या लाईनसाठी ० ठेवलेला नसेल आणि डायल प्लॅनमध्ये 'दोननं सुरू होणारे तीन आकडे आले की लगेच लाव' असं लिहिलेलं असेल, तर बाहेरचा सात आकडी नंबर दाबताना तिसऱ्या आकड्यालाच फोन आतल्या कुणाला तरी लागतो. यावर दोन उपाय. एक तर बाहेरच्या लाईनसाठी ० ठेवा, नाहीतर फोन पुढच्या आकड्याची तीन-चार सेकंद वाट बघेल असं सेटिंग करा. मला पहिला उपाय बरा वाटतो. वाट बघायला लावली की प्रत्येक आतला कॉलही रेंगाळतो आणि लोक वैतागून परत परत बटणं दाबतात.

आणि एक्स्टेंशन १०० पासून सुरू करणार असाल तर जरा थांबा. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, ११२ सगळ्या आणीबाणीसाठी. ११२ हा नंबर स्टोअरला दिलेला असला की शॉप फ्लोअरवर कुणाला लागलं-खुपलं तर मदतीचा फोन नटबोल्ट मोजणाऱ्या पोराकडं जाणार. हे नंबर एक्स्टेंशनला देऊच नका, आणि डायल प्लॅनमध्ये ते शून्य न लावताही थेट बाहेर जातील अशी सोय करा. एसटीडी बंद असलेल्या फोनवरूनसुद्धा.

मागची दोन भोकं

फोनच्या मागं नेटवर्कची दोन पोर्ट असतात. एक नेटवर्कच्या स्विचकडून येणाऱ्या केबलसाठी, दुसरं तिथून पुढं कॉम्प्युटरला जोडण्यासाठी. साफसफाईनंतर कुणीतरी 'सुटलेली केबल' म्हणून फोनच्या दोन्ही केबल भिंतीतल्या पॉइंटमध्ये खोचतं आणि नेटवर्कमध्ये लूप होतो, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहतो. स्विच साधा असेल तर अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट झोपतं आणि शिव्या इंटरनेटवाल्याला बसतात. कॉम्प्युटर पोर्टची गरज नसेल तर ते ॲडमिनमधून बंदच ठेवा.

आयपी ॲड्रेस हातानं फिक्स करून ठेवायची सवय पण नडते. राऊटर बदलला, जुना १९२.१६८.१ चा होता, नवा १९२.१६८.२९ चा आला, की फिक्स केलेले सगळे फोन एकदम मुके. डीएचसीपीवर, म्हणजे राऊटर स्वतः पत्ता देईल असं ठेवा आणि हवं तर राऊटरमध्ये त्या फोनसाठी पत्ता राखून ठेवा. व्हीलॅनचा आकडा चुकीचा टाकला तर त्याहून वाईट, फोनचं वेब पेजही उघडत नाही. मग फोनच्याच मेनूत ॲडमिनचा पासवर्ड टाकून तो काढावा लागतो.

बोलणं एकाच बाजूला ऐकू येतंय? सर्व्हर बाहेर असेल तर आधी राऊटरमध्ये जाऊन एसआयपी एएलजी (इंटरनेटवरच्या कॉलमध्ये मधेच हात घालणारी राऊटरची सोय) बंद करा. मदतीच्या नावाखाली ही सोय कॉलच्या डेटातले नेटवर्कचे पत्ते बदलून ठेवते. मगच फोनकडं वळा.

एका फोनच्या चुकीनं सगळे बंद

हे फारसं कुणी सांगत नाही. क्लाउड पीबीएक्सला बाहेरून तुमचं अख्खं ऑफिस एकाच पब्लिक आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) दिसतं. एका फोनमध्ये एक्स्टेंशनचा पासवर्ड चुकला (कॉपी करताना शेवटी एक स्पेस आली तरी पुरते) तर तो फोन दमत नाही, परत परत प्रयत्न करत राहतो. सर्व्हरला वाटतं कुणी पासवर्ड फोडायला बघतंय, आणि तो तुमचा आयपीच अडवतो. सगळे फोन बंद. अशा वेळी प्रत्येक फोन रिस्टार्ट करत फिरू नका. नुकत्याच हात लावलेल्या फोनची केबल काढा, मग सर्व्हरवाल्याला आयपी मोकळा करायला सांगा. उलट क्रमानं केलंत तर दहा मिनिटांत परत तेच.

स्टेटसमध्ये दिसणारा आकडा पण वाचायला शिका. ४०३ आला तर सर्व्हरपर्यंत पोचलात पण त्यानं नकार दिला, म्हणजे पासवर्ड किंवा परवानगी बघा. ४०८ आला तर पोचलातच नाही, म्हणजे नेटवर्क आणि सर्व्हरचा पत्ता बघा.

रात्री दोनला फोन वाजतो, स्क्रीनवर १००१ सारखा नंबर, उचललं की शांतता. हे बहुधा इंटरनेटवरून ५०६० पोर्ट (आयपी फोनच्या कॉलचं नेहमीचं दार) चाचपणारे प्रोग्राम असतात. राऊटरमधलं फोनकडं जाणारं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. आणि फोनमध्ये फक्त आपल्या सर्व्हरकडून आलेलेच कॉल घ्यायचे हे सेटिंग चालू करा. आयएसडीची (परदेशी कॉलची) गरज नसेल तर सर्व्हरवर बंदच ठेवा. पासवर्ड फुटला तर पहिलं बिल तिथंच फुगतं.

किरकोळ, पण सतावणाऱ्या

घड्याळ चुकलं तर टाइमझोन +५:३० आहे का ते बघा आणि डेलाइट सेव्हिंग बंद करा. तारीखच फार मागची दिसत असेल तर फोन वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरपर्यंत पोचत नाही. सुरक्षित कनेक्शन वापरत असाल तर तारीख चुकल्यामुळं फोनचं पीबीएक्सवरचं रजिस्ट्रेशनही अडू शकतं.

ॲडॉप्टर बदलताना पिन बसली म्हणून लावू नका. बरेच फोन ५ व्होल्टचे, काही १२ चे, जुने सिस्को ४८ चे. स्विचच पीओईचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा असेल तर ॲडॉप्टरची भानगडच नको.

फर्मवेअर अपडेट एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर तर करूच नका. वळवाचं आभाळ भरलं की वीज जाणार हे इथं कुणाला सांगायला नको, आणि अपडेटच्या मधे वीज गेलेला फोन उठेलच याची खात्री नाही. सकाळी करा, यूपीएसवर करा, आणि आधी कॉन्फिगरेशनची फाईल उतरवून घ्या. ती फाईल ऑफिसच्या तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरवर एकटीच ठेवू नका. शाहूपुरीत २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्यांनी बघितलं, त्यांना कारण विचारावं लागणार नाही.

एवढं करूनही अडलं तर फोन बसवणाऱ्याला कळवा, पण नुसतं "चालंना झालाय" म्हणून नको. मॉडेल, फर्मवेअरचा नंबर, मागच्या स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), स्टेटसमधला आकडा, बिघाड एकाच फोनवर आहे की सगळ्यांवर, आणि त्याआधी ऑफिसात काय बदललं ते सांगा. राऊटर, स्विच, नवीन माणूस, रंगकाम, काहीही. स्टेटसच्या स्क्रीनचा फोटो पाठवलात तर बरेचदा कुणाला यायचीही गरज पडत नाही.