रोबो मागे घेतला की बोर्ड मान टाकायचा

पहिला पॉवर सप्लाय बोर्ड मी सरासरीच्या भरवशावर बनवला. चालताना मोटर अर्धा अँपिअर घेते, अशा दोन मोटरी. रास्पबेरी पायला (नावात पाय असला तरी हा रोबोचा मेंदू) ५ व्होल्टवर तीन अँपिअर धरले. झाला हिशेब! रोबो सरळ झकास धावायचा. पण धावता धावता एकदम मागे घेतला की पाय रीस्टार्ट. तेही बॅटरी निम्मी उतरल्यावरच. मी चार दिवस कोड चाळत बसले, कारण मल्टिमीटर ठामपणे ५.०२ व्होल्ट सांगत होता.

मग उसना ऑसिलोस्कोप (क्षणाक्षणाचं व्होल्टेज स्क्रीनवर रेघेनं दाखवणारं यंत्र) लावला. ५ व्होल्टची रेघ काही मिलिसेकंद ४.३ पर्यंत बुडत होती. ४.६३ च्या खाली गेलं की पाय कुरकुरायला लागतो. मल्टिमीटर सेकंदाला दोन-चारदा वाचणार, त्याला ही डुबकी दिसणार कशी?

मोटरच्या वाइंडिंगचा रोध मोजला: १.८ ओहम. म्हणजे अडकलेली मोटर ७ व्होल्टवर जवळपास ४ अँपिअर ओढणार. भरवेगात दिशा उलटी केली तर तिचा बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरीत तयार होणारं व्होल्टेज) बॅटरीच्याच बाजूला मिळतो आणि करंट क्षणभर दुपटीजवळ जातो. दोघींचे मिळून १४ अँपिअर. बॅटरी, वायरी, कनेक्टर यांचा एकत्रित रोध ०.१५ ओहम धरला तर २ व्होल्ट तिथेच गेले. दोन सेलच्या बॅटरीचे राहिले ५. त्यातून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज फक्त खाली आणणारं सर्किट) ५ काढणार कुठून?

अशा वेळी जो तो सांगतो, 'मोठा कपॅसिटर टाक.' टाकला. १००० मायक्रोफॅरडमधून १४ अँपिअर ओढले तर सत्तर मायक्रोसेकंदांत एक व्होल्ट उतरतो, आणि इथे खड्डा मिलिसेकंदांचा! मोटर ड्रायव्हरच्या (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटच्या) शेजारी तो हवाच, पण पीडब्ल्यूएमचे, म्हणजे वेग राखायला वीज भराभर चालू-बंद करण्याचे, झटके सोसायला. दुखणं गेलं ते तिसरा सेल जोडून, मोटरचा पीडब्ल्यूएम त्या बेतानं कमी करून आणि कोडमध्ये दिशा बदलताना आधी थांबून मग २०० मिलिसेकंदांत वेग चढवून. म्हणून बोर्ड काढण्याआधी मोटरचा रोध मोजा आणि उलट फिरण्याचा क्षण धरून आकडे मांडा.

बोर्डावरच्या तांब्याच्या ट्रॅकची रुंदी मीही नजरेनंच ठरवायचे. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा १ मिलिमीटर रुंद, १० सेंटिमीटर लांब ट्रॅक जवळपास ५० मिलिओहमचा असतो. त्यातून ५ अँपिअर गेले की पाव व्होल्ट गायब, वर सव्वा वॅट उष्णता. मोटरच्या वाटेला सरळ तांब्याचा पट्टाच पसरा.

बॅटरी उलटी जोडली जाणारच, माझी दोनदा गेली. त्यापासून वाचवायला वाटेत शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा) घातला तर तो ३ अँपिअरला सव्वा वॅटच्या आसपास खातो. त्याच कामाला २० मिलिओहमचा पी-चॅनल मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) ०.१८ वॅटवर भागवतो.

नव्या बोर्डावर ५ व्होल्ट आणि ग्राउंडचे टेस्ट पॅड शेजारी-शेजारी ठेवलेत. प्रोबची ग्राउंडची वायर लांब असली तर स्क्रीनवर नसलेले झटकेही दिसतात, आणि त्यांच्यामागे लागून माझी आणखी एक संध्याकाळ गेली.