फायरची तपासणी: बाटले शेवटी, जिना आधी

वडोदऱ्यात दुकानाची, क्लासची किंवा खानावळीची फायर एनओसी (अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र) नूतनीकरणाला आली की पहिला फोन जातो आग विझवायचे बाटले भरून देणाऱ्याला. हा क्रम उलटा आहे. बाटले एका दिवसात भरून मिळतात. तपासणी अडते ती बहुधा जिना, पाण्याचा पंप आणि अलार्मच्या पॅनलपाशी, आणि ती कामं एका दिवसात उरकत नाहीत. म्हणून मुदतीच्या निदान दोन महिने आधी हालचाल सुरू करावी.

कागदांचं थोडक्यात. इथे गुजरातचा 2013 चा आगप्रतिबंधक कायदा लागतो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक जानेवारी-जुलैत भरायचा, यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ पाठवतात, तो महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्यातला. इथे त्याचा उपयोग नाही. गुजरातेत नूतनीकरणाच्या तपासणीसाठी खाजगी फायर सेफ्टी ऑफिसरही नेमलेले आहेत. आपली इमारत त्यांच्याकडे जाते की थेट अग्निशमन दलाकडे, हे दलाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावं. भाडेकरू असाल तर सोसायटीच्या किंवा कॉम्प्लेक्सच्या एनओसीची प्रतही मागून ठेवा. आतले बाटले तुमचे असले तरी पंप आणि टाकी सामाईक असते, आणि ती नापास झाली तर तुम्हीही अडकता.

आता जिना. सुरतच्या तक्षशिला इमारतीत 24 मे 2019 ला वरच्या मजल्यावरच्या क्लासमधल्या मुलांना खाली उतरायला वाटच उरली नाही. 22 मुलं गेली. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दुकान-ऑफिसच्या कुठल्याही कोपऱ्यातून बाहेरच्या वाटेपर्यंतचं चालायचं अंतर साधारण 30 मीटरच्या आत हवं आणि दार निदान 1 मीटर रुंद. अंतर चालत मोजा, टेबलं-कपाटं वळसे घालायला लावतात तसंच. नकाशावरची सरळ रेघ कामाची नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. दिवाळीच्या आधी माल उतरला की खोके जिन्याच्या वळणावर चढतात, आणि गच्चीच्या दाराला कुलूप असून किल्ली ‘भाईकडे’ असते. या दोन गोष्टी कुठल्याही यंत्रसामग्रीपेक्षा जास्त घातक. दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या वाड्यांत दुकान असेल तर लाकडी जिन्याखाली वीजमीटर आणि मालाचा साठा एकत्र असतो. निदान साठा तरी आजच हलवा.

बाटल्यांचा हिशेब सोपा आहे. साध्या जोखमीच्या जागेत कुठूनही बाटला 15 मीटरच्या आत हातात यावा आणि मजल्यावर निदान दोन असावेत. एबीसी पावडरचा बाटला बहुतेक ठिकाणी चालतो, पण सर्व्हर किंवा इलेक्ट्रिक पॅनलपाशी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) ठेवा, कारण पावडर आत शिरली की आग विझूनही यंत्र वाया जातं. तळणाच्या कढईसाठी मात्र एबीसीवर विसंबू नका: तेल तापलेलं राहतं आणि पुन्हा पेट घेतं. तिथे के वर्गाचा, म्हणजे स्वयंपाकाच्या तेलासाठीचा बाटला हवा.

महिन्यातून एकदा प्रत्येक बाटला हातात घ्या. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनीचं सील शाबूत आहे का, नळीला चीर गेली आहे का, नोझलमध्ये कोळ्याचं घर तर नाही, हे पाहा. मग उलटा करून हलवा. आतली पावडर सरकल्याचं जाणवलं नाही तर तिचा गठ्ठा झाला आहे. काटा हिरव्यात असूनही तो बाटला पावडर फेकणार नाही. सीओटूला काटाच नसतो, त्यामुळे तो वजनावरच कळतो: भरलेल्या वायूच्या वजनात 10 टक्क्यांहून जास्त घट म्हणजे भरायला द्या. पावडरच्या बाटल्याची दाबचाचणी 3 वर्षांनी, सीओटूची 5 वर्षांनी. पावडरचा बाटला 10 वर्षांनी आणि सीओटूचा 15 वर्षांनी बादच करायचा, कितीही चकचकीत दिसो. नवं स्टिकर चिकटवलं म्हणजे चाचणी झाली असं नव्हे. चाचणीची तारीख आणि दाब लिहिलेलं पत्र मागा.

खानावळवाल्यांनी आणखी एक गणित ध्यानात ठेवावं. 19 किलोच्या पाच गॅसटाक्या म्हणजे 95 किलो. सहावी आली की परवान्याविना ठेवता येण्याजोगी 100 किलोची मर्यादा ओलांडली.

पंपाची चाचणी अशी घ्या. पंपाच्या पॅनलवरचा स्विच ‘ऑटो’वर आहे ना ते पाहा; रंगकाम किंवा दुरुस्तीनंतर तो ‘मॅन्युअल’वरच राहतो, आणि हा सगळ्यात नेहमीचा दोष. मग सर्वांत वरच्या हायड्रंटचा (आगीच्या पाण्याच्या नळाचा) व्हॉल्व्ह थोडा उघडा. आधी जॉकी पंप (लाईनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सुरू व्हायला हवा. आणखी उघडल्यावर मुख्य पंप. वर दाब निदान साडेतीन बार दिसावा. मुख्य पंप आपोआप थांबत नाही, हातानेच बंद करायचा, त्यामुळे तो बंद करायला एक माणूस खाली पंपापाशी उभा ठेवा. जॉकी दर काही मिनिटांनी उगाच सुरू होत असेल तर लाईन कुठेतरी गळते आहे. डिझेल पंप असेल तर बॅटरी आणि टाकीतलं डिझेल बघा.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलेल्या भागात पंपरूम तळघरात असेल तर मोटर, स्टार्टर आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून लेखी घ्या. स्टार्टरमधला गंजलेला काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा भाग) बाहेरून ओळखू येत नाही.

धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी राहिली आहे का ते टॉर्चने पाहा, विशेषतः पीओपी किंवा रंगाचं काम झालं असेल तर. अलार्मच्या पॅनलवर कुठला झोन ‘आयसोलेट’ (बंद) केलेला नको. मेन बंद करून बॅटरीवर हूटर (धोक्याचा भोंगा) वाजवा. छतावरच्या पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरखाली निदान अर्धा मीटर जागा मोकळी ठेवा. रॅकवरचा माल छतापर्यंत गेला तर पाणी पसरतच नाही.

प्रत्येक तपासणी वहीत तारीख, नाव आणि दोष लिहून ठेवा, दोष केव्हा दुरुस्त झाला तेही. आणि तपासणीच्या दिवशी पॅनलचा पासवर्ड, पंपरूमची किल्ली आणि गच्चीची किल्ली हे सगळं ज्याच्याकडे आहे तो माणूस जागेवर हवा. तो सुट्टीवर असेल तर तारीख बदलून घ्या.