जुन्या गाडीचं ऑइल पहिल्यांदाच स्वतः बदलताय? या चुका टाळा

2004 ची मारुती 800, पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालेली, हातात आली आणि पहिल्याच रविवारी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली शिरलो. बोल्ट सोडला, टबात धार पडली. तेल मधासारखं, आरपार दिसेल असं. आधीच्या मालकाने गाडी किती निगुतीने ठेवली होती, म्हणून मी खूश. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका डोकावले. त्यांनी धारेत बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाले, "अरे, हे गिअर ऑइल आहे. इंजिनाचं अजून आतच आहे."

ते आले नसते तर आधीच भरलेल्या इंजिनात मी आणखी तीन लिटर ओतलं असतं आणि कोरड्या गिअरबॉक्सवर गाडी रस्त्याला काढली असती.

इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना खेटून असतात आणि दोघांनाही खाली आपापला ड्रेन बोल्ट असतो. क्लचची केबल जिथे उतरते तो गिअरबॉक्स. डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) आणि ऑइल फिल्टर ज्या बाजूला, ती बाजू इंजिनाची; तिच्याखाली तेल साठवणारं पत्र्याचं चेंबर दिसतं. पाना लावण्याआधी ही ओळख पटवून घ्या. तरी गिअर ऑइल निघालंच तर घाबरू नका, फक्त गाडी हलवू नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल गिअरबॉक्सच्याच वरच्या बोल्टच्या भोकातून, भोकाच्या काठापर्यंत येईतो भरा. वास लक्षात ठेवा: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो.

जॅकवर विसंबून खाली जाऊ नका

गाडीसोबत येणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर खाली डोकं घालायचं नाही. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक तर नकोच, ते न सांगता फुटतात. दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी आधार) आणा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. हे जमत नसेल तर ओळखीच्या गॅरेजचा रॅम्प तासभर मागा.

गाडी उचलण्याआधी इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. कोमट तेल गाळासकट उतरतं. थंडगार तेल इंजिनाच्या आतच चिकटून राहतं आणि उकळतं तेल मनगटावर आलं तर सायलेन्सरच्या चटक्यापेक्षा वाईट. हातमोजे घाला, वापरलेलं तेल कातडीला वारंवार लागणं चांगलं नाही.

फिल्टरचं जुनं रबर

जुन्या गाडीत ही चूक सगळ्यात महाग पडते. वर्षानुवर्षं न बदललेला फिल्टर निघतो, पण त्याचं रबर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रबरं एकावर एक बसतात. इंजिन चालू झालं की दाबाने वरचं रबर सटकतं आणि दोन-तीन मिनिटांत सगळं तेल जमिनीवर. म्हणून जुना फिल्टर हातात घेऊन त्याच्या तोंडाला रबर आहे ना ते बघा. नसेल तर टॉर्च मारून इंजिनावर शोधा, नखाने काढा, जागा फडक्याने पुसा.

नव्या फिल्टरच्या रबराला ताज्या तेलाचं बोट फिरवा. हाताने फिरवत न्या, रबर टेकल्यावर आणखी साधारण पाऊण वळसा. बस. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी पेचकस आरपार ठोकून काढावा लागतो.

ड्रेन बोल्टचंही तसंच. आधी हाताने चार-पाच आटे बसवा, मगच पाना. वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो, दर वेळी नवा घाला. गळती थांबवायला बोल्ट आवळत सुटलात तर चेंबरचे आटे जातील आणि मग चेंबरच उतरवावं लागेल.

कोणतं तेल, किती

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. जुन्या इंजिनात आजच्या गाड्यांचं 0डब्ल्यू20 हे पातळ तेल घालू नका. झिजलेल्या इंजिनातून पातळ तेल जास्त जळतं आणि जास्त झिरपतं. मारुती 800 ला फिल्टरसकट साधारण 2.5 ते 3 लिटर लागतं. सगळं एकदम ओतू नका. दोन लिटर घाला, सपाट जागेवर पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत बुडवा, मग थोडं थोडं वाढवा. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ते घुसळून फेस करतो, फेसाला दाब राहत नाही. जास्त झालेलं काढून टाका.

चालू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंद झाले तरी जळतोय? ताबडतोब बंद करा. विझला तर इंजिन दोन मिनिटं जागच्या जागी चालू ठेवा, खाली बघा, बंद करून परत पातळी मोजा. फिल्टर भरल्यामुळे ती थोडी उतरलेली असते. सायलेन्सरवर ओघळलेलं तेल जळून पहिली काही मिनिटं धूर निघतो. तो थांबला नाही तरच काळजी.

इंजिन फ्लश, म्हणजे आतला चिखल धुऊन काढणारं औषध? दुकानदार गळ्यात मारायला बघेल. इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात मी तरी घालणार नाही. साचलेला चिखल एकदम सुटला की तेल ओढणारी जाळीच तुंबते. त्यापेक्षा दुसरं ऑइल चेंज हजार-दीड हजार किलोमीटरवरच करा.

टबात जरा वाकून बघा

काळं तेल म्हणजे बिघाड नव्हे. पण दुधाळ चहासारखं दिसलं तर कूलंट मिसळतंय, बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं. गाडी चालवू नका. फक्त झाकणाच्या आत पांढरी साय असेल तर पावसाळ्यात जवळच्या-जवळ फिरल्याने साठलेला ओलावा असू शकतो. उन्हात तेलावर चंदेरी कण चमकले तर मेकॅनिकला दाखवाच.

हे काळं तेल गटारात ओतू नका. गावाकडे वाळवीसाठी वाशांना फासतात, तेही नको. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याचा घेणारा ठरलेला असतो. नव्या तेलाचा रिकामा डबा मात्र भोकं पाडूनच भंगारात टाका, नाहीतर तो बनावट तेल भरून परत दुकानात येतो.

रात्री इंजिनाखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी एखाद-दुसरा थेंब असला तर तो बहुधा फिल्टर काढताना सांडलेला; पुसा, नवा पुठ्ठा ठेवा. दुसऱ्या सकाळीही त्याच जागी थेंब असेल तर वर बोट फिरवून बघा: फिल्टरच्या कडेला ओलं असेल तर पाव वळसा आवळा, बोल्टला ओलं असेल तर वॉशर बदला.