मक्याचा संकर काढायचाय? आधी भरदार कणसाचा मोह सोडा

प्लॉटवर नवीन आलेली कृषीची मुलं हमखास एक करतात. इनब्रेड ओळींमधून (पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवलेल्या, एकसारख्या झाडांच्या ओळी) सगळ्यात लांब, भरदार कणीस शोधून त्याला टॅग लावतात. मी तो टॅग आधी काढायला लावते. ओळ दिसायला कशी आहे यावरून तिच्या संकराचं उत्पन्न ठरत नाही. दोन किरकोळ ओळींचा संकर पुरुषभर उंच जाऊन कणसं धरतो, आणि दोन देखण्या ओळींचा कधीकधी अगदीच सुमार निघतो. संयोग क्षमता, म्हणजे दुसऱ्या ओळीशी जुळून चांगला संकर देण्याची ताकद, डोळ्यांना दिसत नाही, ती वजनकाट्यावरच कळते.

सुरुवात दोन वेगवेगळ्या घराण्यांपासून करा. नात्यातल्या ओळी एकमेकींना दिल्या तर संकर ओज, म्हणजे आईबापांपेक्षा संकरात येणारा जास्तीचा जोम, फारसं मिळत नाही. दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे सेल्फिंग करत जा, म्हणजे झाडाला त्याचाच पराग द्या. प्रत्येक पिढीत आनुवंशिक मिश्रपणा निम्म्यावर येतो, म्हणजे सहा पिढ्यांनंतर दीड टक्क्याच्या आसपास उरतो. खरीप आणि रब्बी दोन्ही धरले तर तीन वर्षं. मधे झाडं खुजी होतील, पांढरी रोपं निघतील, काही ओळी संपतील. संपू द्या.

आता हातातलं काम. कणसाचा कोंब दिसला की केस बाहेर यायच्या आत त्यावर बटर पेपरची पिशवी चढवा. एक केस जरी उघडा राहून बाहेरचा पराग लागला, तरी ते कणीस बाद. केस दिसू लागले की पराग द्यायच्या आदल्या संध्याकाळी कोंबाचं टोक धारदार चाकूने दोनेक सेंटिमीटर छाटा आणि पिशवी लगेच परत घाला. सकाळपर्यंत सगळे केस एका उंचीचे, दाढीच्या ब्रशसारखे वर येतात. त्याच संध्याकाळी तुऱ्यावर कागदी पिशवी घालून खाली घट्ट दुमडा आणि क्लिप लावा. तुऱ्यावर आधी पडलेला परका पराग रात्रीत मरतो, सकाळी पिशवीत मिळतो तो त्याच झाडाचा ताजा.

दव उडाल्यावर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, तुरा वाकवून टिचक्या मारा. पिवळी पूड पिशवीत जमते. कोंबाची पिशवी काढणं, पराग ओतणं आणि तुऱ्याची पिशवी कणसावर चढवून स्टेपल करणं एका दमात झालं पाहिजे. सेल्फ असेल तर त्याच झाडाचा पराग, क्रॉस असेल तर दुसऱ्या ओळीचा. पिशवीवर पेन्सिलने आधी मादी, मग नर, मग तारीख. शाई पावसात जाते.

संयोग क्षमता तपासायला सहाव्या पिढीची वाट बघू नका. तिसऱ्या-चौथ्या पिढीतच प्रत्येक ओळ समोरच्या घराण्यातल्या टेस्टरला, म्हणजे सगळ्यांची परीक्षा घ्यायला ठरवलेल्या एकाच ओळीला, द्या, संकर पेरा आणि निम्म्या ओळी तिथेच टाकून द्या. इथे मन घट्ट लागतं.

चाचणीत ७५ बाय २० सेंटिमीटरवर पेरा, म्हणजे हेक्टरी ६६,६६७ झाडं. शेजारी बाजारातला चालणारा संकर हवाच, दोन-तीन ठिकाणी आणि पुनरावृत्तीसह. विरळ पेरलेल्या प्लॉटात कुठलाही संकर राजबिंडा दिसतो. आजच्या मक्याचं उत्पन्न वाढलंय ते मुख्यतः दाटी सोसण्याच्या ताकदीवर. म्हणून वांझ, म्हणजे कणीस न धरलेली, झाडं मोजा. निम्म्या झाडांनी पराग सोडल्यापासून निम्म्यांचे केस दिसेपर्यंत किती दिवस गेले तेही लिहा. पाण्याच्या ताणात हे अंतर तीन दिवसांच्या पुढे गेलं, तर मी तो संकर ठेवत नाही.

वजन करताना ओलावा विसरलात तर उशिरा पिकणारा संकर उगाच पहिला येतो. समजा ६ चौरस मीटरमधून ६.२ किलो कणसं निघाली. बुरकुंड (दाणे काढल्यावर उरतो तो दांडा) वजा जाता दाणा ८० टक्के, म्हणजे ४.९६ किलो. ओलावा २४ टक्के असेल तर १५ टक्क्यांवर आणायला ७६ भागिले ८५ ने गुणा, ४.४३ किलो येतात. एकरी जवळपास ३० क्विंटल.

जिंकलेल्या जोडीत मादी कुठली करायची? जास्त बी देणारी. १९६१ मध्ये आलेले गंगा १, रणजित, डेक्कन हे चार ओळींचे संकर होते, कारण नुसत्या इनब्रेडवर बी इतकं कमी यायचं की एकेरी (दोनच ओळींच्या) संकराचं बियाणं परवडत नव्हतं. म्हणून दिसण्याचा विचार करायचाच असेल, तर तो इथे मादीपुरता करा. नर ओळीला मोठा, भरपूर पराग देणारा तुरा हवा. तिचा पराग मादीच्या केसांआधीच संपत असेल तर नराची थोडी पेरणी चार-पाच दिवस उशिरा करा. आणि बीजोत्पादनाचं शेत शेजारच्या मक्यापासून किमान २०० मीटर लांब धरा.