गॅमा स्फोटांचं वर्गीकरण करताय? या चुका टाळा

इंदुरात पावसाळाभर ढग, म्हणून हा विषय सोडू नका. गॅमा स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळचा झोत, आणि हे किरण वातावरणातच अडतात. लख्ख रात्रीसुद्धा गच्चीवरच्या दुर्बिणीला त्यांचा पत्ता लागत नाही. नोंदी उपग्रह घेतात, आणि फर्मी व स्विफ्टच्या याद्या सर्वांना खुल्या आहेत. विजयनगरच्या भाड्याच्या खोलीत बसून प्रोजेक्ट होतो. आपली मराठी मुलं करतातही, पण बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं: दोन सेकंद.

१९९३मध्ये कॉम्पटन या अवकाशातल्या वेधशाळेच्या नोंदींतून स्फोटांचे दोन गट स्पष्ट दिसले, साधारण दोन सेकंदांच्या अलीकडचे आणि पलीकडचे. पुढे लांब स्फोट कोसळणाऱ्या प्रचंड ताऱ्यांशी जोडले गेले, आखूड स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीशी. मुलं ही रेघ कायदा समजतात. २११२११ए हा स्फोट घ्या (नावातले आकडे म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस). चांगला लांबलचक, पण मागे किलोनोव्हाची, म्हणजे अशा टकरीनंतरच्या उजेडाची, खूण; म्हणजे टक्करच. उलट २००८२६ए जेमतेम सेकंदभराचा, तरी त्याच्यामागे सुपरनोव्हाच्या, म्हणजे कोसळत्या ताऱ्याच्या स्फोटाच्या, खुणा सापडल्या.

बरं, 'लांबलचक' म्हणजे किती? त्याच २११२११एचा काळ फर्मीने सुमारे ३४ सेकंद मोजला, स्विफ्टने सुमारे ५१. दोघेही बरोबर. आलेल्या गॅमा किरणांच्या मोजणीतले सुरुवातीचे आणि शेवटचे पाच-पाच टक्के वगळून उरतो तो काळ, आणि तो उपकरण कोणत्या ऊर्जेला किती संवेदनशील आहे यावर ठरतो. म्हणून दोन उपग्रहांचे आकडे एकाच रकान्यात कोंबू नका. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण आलेख दिसतो मात्र फार सुरेख!

ताम्रसृतीही विसरू नका: विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे दुरून येणारा प्रकाश ताणला जातो आणि स्फोटाचा काळही तेवढाच लांबतो, (१ + ताम्रसृती) पट. ०९०४२३चा स्फोट आपल्याला दहा सेकंदांचा दिसला; त्याची ताम्रसृती ८.२, म्हणजे ९.२ने भागायचं. उरतो सेकंदाहून जरासा जास्त. पण लगेच 'आखूड' लिहू नका: इतक्या दुरून स्फोटाची मंद शेपटी पार्श्वभूमीत बुडते.

काही पाहुणे तर या घरचेच नसतात. २००४१५ए हा शेजारच्या एनजीसी २५३ दीर्घिकेतल्या मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा, भडका असावा असं मानतात.

आणि 'सुपरनोव्हा दिसला नाही' एवढ्यावर टक्कर ठरवू नका. आधी अंतर पाहा, वाटेतली धूळ पाहा. ०६०६१४चा स्फोट शंभरेक सेकंदांचा, आणि इतका जवळ की सुपरनोव्हा असता तर दिसायलाच हवा होता. म्हणून तिथे न दिसणं हा पुरावा. तुमचा स्फोट तेवढा जवळ नसेल, तर रकान्यात 'अनिश्चित' लिहा.