जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला? शोध टाकीपासून सुरू करा

टाकीत दहा लिटर पेट्रोल आणि काटा मात्र 'ई'वर पडलेला. असं झालं की बहुतेक जण आधी मीटरलाच हात घालतात. आमच्या घरच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीच्या वेळी मीही तेच केलं. डॅशबोर्ड खोलला, जुन्या बाजारातून दुसरं मीटर आणून बसवलं, तरी काटा जागचा हलेना. दोष निघाला मागे, टाकीजवळच्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत गाडीच्या बॉडीत नेणाऱ्या जोडाच्या, गंजक्या स्क्रूत. म्हणून कळकळीने सांगतो, सुरुवात टाकीच्या टोकाकडून करा.

यंत्रणा साधी आहे. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याचा दांडा वरखाली झाला की एक छोटी पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत सरकते आणि तेवढ्याने वायरमधला करंट कमीजास्त होतो. त्यावर पुढचा काटा हलतो. म्हणजे तपासायच्या जागा मोजक्याच: फ्लोटचं युनिट, त्याचं अर्थिंग, पुढे जाणारी वायर आणि मीटर.

आधी सीटवर बसूनच बघा. किल्ली ऑन केल्यावर टेम्परेचरचा काटाही वेडंवाकडं दाखवतोय का? तसं असेल तर टाकीचा संबंध नाही. फ्यूज किंवा मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही काटे त्याच्यावरच चालतात. काटा हळूहळू चढत असेल तर घाबरू नका, पट्टी तापून वाकणाऱ्या जुन्या मीटरची ती रीतच आहे.

आता मागे. बहुतेक गाड्यांत युनिटचं झाकण मागच्या सीटखाली किंवा डिकीत सापडतं, काहींत मात्र टाकीच खाली उतरवावी लागते. काम मोकळ्या हवेत करा, बेसमेंट पार्किंगमध्ये नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि उणे ४० अंशांतही पेट घेऊ शकते. विडी-सिगारेट, उजेडासाठी उघडा बल्ब, ग्राइंडर जवळपास नको.

खरी परीक्षा एका वायरीची. किल्ली बंद ठेवून युनिटवरचा कनेक्टर काढा. मीटरकडे जाणारी वायर कोणती, हे मॅन्युअलच्या आकृतीत बघा. ती वायर १२ व्होल्टच्या ३-४ वॅटच्या छोट्या बल्बमधून बॉडीच्या घासून चकचकीत केलेल्या भागाला क्लिपने जोडा. सगळी जोडणी पक्की झाल्यावरच किल्ली ऑन करा, म्हणजे ठिणगी टाकीजवळ पडणार नाही. बल्ब मध्ये असला की मीटर जळत नाही, म्हणून नुसती वायर टेकवण्याचा मोह टाळा.

जपानी धाटणीच्या बहुतेक गाड्यांत वायर मोकळी असताना काटा 'ई'वर राहतो आणि अशी जोडली की 'एफ'कडे चढतो. काही गाड्यांत याच्या उलट होतं. तो नीट दोन्हीकडे गेला की मीटर आणि वायर निर्दोष, दोष मागेच आहे. हललाच नाही तर फ्यूज बघा, मग वायर कुठे तुटली ते शोधा, मीटर सगळ्यात शेवटी. आणि जपानी धाटणीच्या गाडीत कनेक्टर काढलेला असतानाही काटा 'एफ'वर चिकटून असेल, तर वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे.

दोष मागे आहे असं दिसलं तरी युनिट लगेच बाहेर काढू नका. कनेक्टर परत लावा आणि किल्ली बंद ठेवूनच एक जादा वायर युनिटच्या धातूच्या झाकणापासून बॉडीला जोडा. मग किल्ली ऑन करा. काटा ठिकाणावर आला तर अर्थिंग गेलंय. स्क्रू काढा, पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग घासा, थोडं ग्रीस लावून घट्ट बसवा. पावसाळ्यात चिखल उडणाऱ्या आपल्या रस्त्यांवर हा दोष नेहमीचाच.

अर्थिंग ठीक असेल तरच युनिट काढा. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल हवं आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला हवा. झाकणाभोवतीची माती ब्रशने काढा, नाहीतर ती सरळ टाकीत पडते. युनिट टाकीला धरून ठेवणारी लॉक रिंग अडकली असेल तर ती लाकडाने किंवा पितळेच्या तुकड्याने ठोका, लोखंडाने नको.

फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळतंय? मग तो बुडतो आणि काटा नेहमी रिकामी टाकी दाखवतो. पितळी फ्लोटला घरी डाग द्यायला जाऊ नका, आतल्या पेट्रोलने भडका उडेल. नवा घ्या. फ्लोट ठीक असेल तर मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायला, लावून दांडा अगदी सावकाश खालून वर न्या. आकडा सलग बदलायला हवा. जपानी गाड्यांत तो रिकामीला साधारण शंभरावर आणि फुल्लला काही ओहमांवर येतो. मध्येच आकडा गायब झाला तर पट्टी तिथे झिजली आहे. काटा अर्ध्यावर उड्या मारतो तो यामुळेच. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून बघा, पण झिजलेल्या पट्टीवर फार वेळ घालवू नका, युनिट बदला. रबरी गॅस्केट मात्र दर वेळी नवीच, इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालेल अशी मागून घ्या.

कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत पंपही याच युनिटमध्ये असतो आणि पाइपात दाब असतो, ते काम गॅरेजलाच द्या.

बसवून झाल्यावर जवळजवळ रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर पेट्रोल भरत जा. गाडी सपाट जागी ठेवा, दर वेळी दोन मिनिटं थांबा आणि काटा कुठे आला ते कागदावर लिहून तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. मारुती ८००च्या २८ लिटरच्या टाकीला अशा पाच-सहा नोंदी पुरतात.