बडोद्याहून घरगाडीने सौराष्ट्र-कच्छ: निवृत्त जोडप्याची हिवाळी तयारी

घरगाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, घेऊन गुजरातेत फिरायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य एवढाच काळ धरा. एप्रिलमध्ये एसीशिवाय गाडीत झोप लागत नाही, आणि एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट ओढतो. 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी त्याच्यापुढे तासाभरात मान टाकते. थंडीत एसी लागत नाही, म्हणून जनरेटर लागत नाही, म्हणून वनखात्याच्या आवारात किंवा धर्मशाळेच्या अंगणात तुम्हाला कोणी नको म्हणत नाही.

आपल्याकडे गाडी लावली, वीज-पाण्याची नळी जोडली, असे तयार तळ जवळजवळ नाहीत. म्हणून सगळं नियोजन एका हिशेबावर बांधा: दोन रात्री आपल्या जोरावर, तिसरी रात्र नळ, वीज आणि संडास असलेल्या जागी. बॅटरी किती, पाणी किती, रोज किती किलोमीटर, सगळं यातूनच निघतं. चार-पाच रात्री स्वयंपूर्ण राहायच्या हौसेने लोक दोनशे लिटरची टाकी आणि दुप्पट बॅटऱ्या चढवतात, आणि मग ते वजन घाटात आणि ब्रेकवर भोगतात.

गाडी आणि कागद

पहिल्या खेपेला गाडी भाड्यानेच घ्या. भाड्याची गाडी बहुधा चालकासकट मिळते; त्याच्या झोपायची सोय आधी ठरवा, कारण दोघांसाठी बनवलेल्या गाडीत तिसरा माणूस आठवडाभर मावत नाही. धर्मशाळेत त्याला वेगळी खोली घेणं सगळ्यांच्या हिताचं.

स्वतःची व्हॅन बदलून घ्यायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी आणि नंतर आरसी बुकात नोंद हवी. ती नसेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. लायसन्सची तारीखही बघा: वयाच्या 55 नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि त्याला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म 1-अ लागतो. निघायच्या आठवड्यात ही धावपळ नको.

आत तीन गोष्टी पाहून घ्या, बाकी सजावट दुय्यम. पलंग जमिनीपासून 45-50 सेंटिमीटरवर आणि दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा हवा. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या अंगावरून जायचं, हे तिसऱ्या रात्री भांडणावर येतं. दाराशी पकडायला दांडी हवी. आणि पायरी वीस सेंटिमीटरपेक्षा उंच नको.

छतावरचं सोलर पॅनेल आणि झरोका धरून गाडीची पूर्ण उंची टेपने मोजा आणि ठळक आकड्यात स्टिअरिंगसमोर चिकटवा. बडोद्यातल्या अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातून, मोटार रोज जाते म्हणून घरगाडी जाईल असं नाही. सौराष्ट्रात रेल्वेखालची अशी गरनाळी गावोगाव आहेत, आणि गूगल नकाशाला तुमची उंची माहीत नसते.

सामान, पाणी, डिझेल सगळं भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. आरसीत लिहिलेल्या एकूण वजनाच्या शंभर-दीडशे किलो खालीच राहायला हवं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी मागच्या आसाच्या अगदी जवळ हवी, पार मागे टोकाला नको. तिथे असली की पुढची चाकं हलकी पडतात आणि ट्रक ओलांडताना गाडी डुलते.

वीज: इथे कंजूषी नको

जानेवारीतल्या एका दिवसाचा हिशेब असा: 40-50 लिटरचा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण 350 वॉट-अवर, दिवे 80, झरोक्याचा पंखा 60, फोन वगैरे 60. झोपताना श्वासासाठी सीपॅप मशीन लागत असेल तर आठ तासांचे 250 धरा, तेही त्याचं पाणी तापवणारं ह्युमिडिफायर बंद ठेवून. ते चालू केलं की आकडा दुपटीकडे जातो. एकूण आठशे. 100 अँपिअर-अवरच्या लिथियम-फॉस्फेट बॅटरीतून साडेअकराशे वॉट-अवर बिनधास्त काढता येतात. घरच्या इन्व्हर्टरची 150ची ट्यूब्युलर बॅटरी उचलून गाडीत टाकली तर ती पंचावन्न-साठ किलोची असते आणि निम्म्यापेक्षा खाली नेली की आयुष्य गमावते, म्हणजे हातात नऊशेच.

छतावर 200 वॅटचं पॅनेल असेल तर जानेवारीत दिवसाला सहाशे-साडेसहाशे वॉट-अवर मिळतात. छापील आकडा मिळत नाही, कारण बडोद्याच्या अक्षांशावर त्या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 47-48 अंशांपर्यंतच चढतो आणि पॅनेल सपाट पडलेलं असतं. वर कच्छची धूळ. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा.

चालत्या गाडीवर बॅटरी भरायला 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा. तीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये रिकामी बॅटरी जवळजवळ भरते. स्थानिक इलेक्ट्रिशियन रिले टाकून थेट जोडणी करून देईल, स्वस्तातही देईल, पण नव्या बीएस-6 गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारं यंत्र, इंधन वाचवायला व्होल्टेज मध्येच खाली आणतो, त्यामुळे मागची बॅटरी कधीच पुरती भरत नाही. जुन्या गाडीत उलट लिथियम इतका करंट खेचते की अल्टरनेटर तापतो. इंजिनपासून मागेपर्यंत तांब्याची 16 स्क्वेअर एमएमची वायर घ्या आणि दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा. सहा एमएमची वायर चालून जाते असं सांगणारे भेटतील. तिच्यात व्होल्टभर गळतो आणि चार्जर ‘लो इनपुट’ दाखवून बंद पडतो. मग दोष चार्जरला लागतो.

तिसऱ्या रात्रीच्या जागी वीज घेताना 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये आधी मल्टिमीटर घाला. फेज-न्यूट्रल 220-240, फेज-अर्थ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ पाचच्या आत. फेज-अर्थला काहीच दिसलं नाही तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही, आणि तुमची पत्र्याची गाडी त्याला जोडायची नाही. गाडीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. एक्स्टेन्शन वायर 2.5 स्क्वेअर एमएमची, 20 मीटर, आणि वापरताना पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवून पाणी तापवायचा रॉड लावला की गुंडाळीचा मधला भाग वितळतो.

पाणी, संडास, गॅस

माणशी रोज वीस लिटर पुरतात: अंघोळ एका बादलीची, भांडी आधी कागदाने पुसून मग धुतलेली. शंभर लिटरची टाकी म्हणजे दोन रात्री आणि थोडी शिल्लक. कच्छचं आणि किनाऱ्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, त्यामुळे प्यायला वीस लिटरचा जार वेगळा ठेवा. त्याच्यावर चहासुद्धा नीट होतो. निघण्याआधी टाकीत 4 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट सव्वाशे मिलिलिटर, वर शंभर लिटर पाणी. नळ उघडून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास तसंच ठेवा, मग दोनदा खंगाळा.

कॅसेटचा, म्हणजे काढून नेता येणाऱ्या टाकीचा, संडास वीस लिटरचा असतो आणि दोघांना दोन, फार तर अडीच दिवस जातो. ती टाकी नेहमीच्या संडासातच रिकामी करायची, हळूहळू, वर दोन बादल्या पाणी ओतून. शेताच्या बांधावर किंवा नाल्यात ओतणाऱ्यांमुळेच पुढच्या गाडीला गावात जागा मिळत नाही. फिनेल टाकू नका, त्याने रबरी सील फुगतं आणि झडप गळते.

गॅससाठी घरचा 14.2 किलोचा सिलिंडर गाडीत नको. पाच किलोचा घ्या, उभा, पट्ट्याने बांधलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातच बाहेर उघडणारं भोक हवं. वर जाळी बसवून समाधान मानू नका. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद.

आणि शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर यातलं काहीही झोपताना आत नाही. कच्छमधल्या नलियाला पारा 5 अंशांखाली जातो तेव्हा मोह होतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दुलई, गरम पाण्याची पिशवी, पायमोजे. झरोका दोन बोटं आणि समोरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायचीच: दोघांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरभर तरी बाष्प निघतं, ते थंड पत्र्यावर जमतं आणि चौथ्या दिवशी गादी उलटली की खाली काळे ठिपके दिसतात.

मार्ग आणि मुक्काम

आधी एक रात्र घराजवळ काढा. डभोईजवळचं वढवाणा तळं त्यासाठी उत्तम. गायकवाडी काळातलं हे सिंचनाचं पाणी 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे आणि थंडीत बदकं-हंसांनी भरतं. किंवा जांबुघोडा अभयारण्यातलं धनपरीचं वनखात्याचं शिबिर. काय विसरलं ते इथेच कळतं.

मग वसद-तारापूर-वटामण मार्गे वेळावदर. काळविटांचं हे राष्ट्रीय उद्यान 34 चौरस किलोमीटरचं. सूर्यास्ताला शेकडो भोवत्ये, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, गवतात उतरतात. मुक्कामाचं दार अंधार पडण्याआधी गाठायचं हा नियम इथे मोडावासा वाटेल, तेव्हा आधी गाडी लावून मग उद्यानात जा. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर पुरे.

पुढे सासण गीरला सिंहांच्या सफारीचा परवाना ऑनलाइन आधी काढा. तुमची गाडी आत जात नाही. देवळियाचं सफारी पार्क बुधवारी बंद. गीरच्या आसपास सिंह शेतात आणि गावांतही फिरतात, म्हणून आंब्याच्या बागेत गाडी लावायची ती मालकाच्या कुंपणातच.

जामनगरजवळच्या नराराच्या समुद्री राष्ट्रीय उद्यानात ओहोटीतच चालता येतं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा भरती-ओहोटीचा तक्ता पाहूनच जामनगरचा दिवस ठरवा. खाली प्रवाळ आणि खडक. चपला नकोत, नाडीचे बूट हवेत, आणि गुडघे दुखणाऱ्याने हातात काठी.

तिथून सूरजबारी पुलावरून कच्छ. भुजला डिझेल, पाणी, औषधं सगळं भरून घ्या. पांढऱ्या रणाचा परवाना भिरंडियाराच्या नाक्यावर मिळतो, मावाही तिथलाच घ्यावा. पौर्णिमेच्या आणि नाताळच्या आठवड्यात पांढऱ्या रणाच्या काठच्या धोरडो गावात जागा शोधणं व्यर्थ. रणात डांबरी रस्ता सोडून चाक उतरवू नका: वर मिठाची पापडी दिसते, खाली चिखल असतो, आणि तीन टनांची गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. छोट्या रणातही तेच. दसाड्याला गाडी लावा आणि रानगाढवं बघायला तिथली जीप घ्या. मांडवीचा समुद्रकिनारा आणि रणाहून परतल्यावर पहिल्या पंपावर गाडीचा तळ, चाकांच्या कमानी आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुवून घ्या, फक्त काचा पुसून भागत नाही.

तारखा ठरवताना 14 आणि 15 जानेवारी वगळा. उत्तरायणाला सगळं गुजरात पतंग उडवायला गच्चीवर असतं, पंक्चरवालासुद्धा.

औषधं

इन्सुलिन फ्रिजमध्ये बर्फाच्या पत्र्याला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. आत छोटा थर्मामीटर ठेवा, 2 ते 8 अंश. रोजच्या गोळ्या दोन पिशव्यांत निम्म्या-निम्म्या, एक गाडीत, एक अंगावरच्या झोळीत. 108 ला फोन करताना पत्ता सांगता यावा म्हणून मुक्कामी पोचल्यावर गावाचं नाव आणि जवळचा किलोमीटरचा दगड कागदावर लिहून दाराला लावा.

घरी आल्यावर टाकी आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करा, फ्रिजचं दार फडकं अडकवून उघडं ठेवा, आणि लिथियम बॅटरी 50-60 टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करा.